मोठ्या गाडीची चाकं

१ ऑक्टोबर, खंडेनवमी. काम: गाडीच्या मागच्या चाकातून येणारा घासण्याचा आवाज शोधणे.

वहीत एवढंच लिहिलं होतं. सकाळी युनिटवर मागांची पूजा उरकायची आणि येताना टायरवाल्याकडे दहा मिनिटं थांबायचं, असा माझा हिशेब होता. प्रत्यक्षात त्या कामाने पूर्ण दिवस खाल्ला आणि दुसऱ्या दिवसाची सकाळही.

आमचं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचं युनिट आहे. माझे मोठे दीर आणि माझा नवरा ते चालवतात. चेकिंगचं टेबल माझ्याकडे आहे. तयार टॉवेल उजेडात धरायचा, नमुन्याशी ताडून बघायचा, माप घ्यायचं, सुटलेला धागा दिसला की बाजूला टाकायचा, हे मी सत्तावीस वर्षं करते आहे. घर एकच, दोन मजली. वर आम्ही दोघं. खाली भाऊजी, जाऊबाई, त्यांची सून आणि सुनेची दोन लहान मुलं. मुलांचे वडील पुण्याला नोकरीला असतात.

भाऊजी माझ्याशी थेट बोलत नाहीत. भांडण वगैरे काही नाही. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोशी मोठा दीर समोरासमोर बोलत नाही, एवढंच. मीही बोलत नाही. आम्ही एकाच खोलीत बसलेलो असलो तरी ते जाऊबाईंना म्हणतात, "तिला सांग, सुताचा टेम्पो आला." मी जाऊबाईंना म्हणते, "त्यांना सांगा, उतरवून घेतला." दोघांनाही दोघांचं ऐकू आलेलं असतं. जाऊबाई मधे बसून शेंगा सोलत असतात आणि बऱ्याच वेळा निरोप द्यायचा कंटाळा करतात. युनिटचं काम यामुळे कधी अडलं नाही. चाकांचं अडलं.

गाडी माझी आहे. छोटी, पांढरी, सात वर्षांची. घर ते युनिट आणि युनिट ते घर, रोजची दोन वेळची वीस-वीस मिनिटं मी त्या गाडीत एकटी असते. पावसाने रस्त्यांची जी अवस्था केली होती त्यात सप्टेंबरमध्ये एका खड्ड्यात डाव्या बाजूची दोन्ही चाकं आपटली आणि दोन रिमा वाकल्या. टायरवाला म्हणाला होता, ठोकून सरळ करू नका, बदला. मी त्याच मापाच्या दोन लोखंडी रिमा सांगणार होते. तेवढ्यात खाली निरोप पोचला.

भाऊजींनी गेल्या वर्षी जुनी मोठी गाडी विकली, तेव्हा तिची मॅगव्हील काढून ठेवली होती. चकचकीत, पाच काड्यांची, टायरसकट पाच नग, गच्चीवर ताडपत्रीखाली. त्यांचा जीव होता त्या चाकांवर. घरात सेट पडलाय आणि बाहेरून लोखंड कशाला आणायचं, असं त्यांना वाटणं चूक नव्हतं. त्यांनी जाऊबाईंमार्फत विचारलं, "तिच्या गाडीला किती नट हायेत, विचार."

"चार," मी म्हणाले.

माझी चूक इथे झाली. विचारलं तेवढंच उत्तर दिलं. मोठ्या गाडीलाही चारच नट होते. शनिवारी मी युनिटवर कपडा तपासत असताना भाऊजींच्या ड्रायव्हरने माझी गाडी नेली, कुठल्याशा गॅरेजात ती चाकं चढवून आणली. दसऱ्याची साफसफाई चालूच होती. माझ्या चारही जुन्या रिमा, त्यातल्या दोन चांगल्या, त्याच दिवशी भंगारात गेल्या. फक्त डिकीतली स्टेपनी राहिली. जाऊबाईंनी नव्या चाकांना हळद-कुंकू लावलं, लिंबं ठेवली, नारळ फोडला. भाऊजी गेटपाशी उभे राहून म्हणाले, "तिला सांग, आता गाडी गाडीसारखी दिसायला लागली."

"त्यांना सांगा, छान दिसते," मी म्हणाले. दिसत होतीच.

सोमवारपासून आवाज सुरू झाला. मी एकटी असले की नाही. मागे कोणी बसलं आणि गतिरोधक आला की खर्र. शिवाय साठच्या पुढे स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "नवीन चाकं आहेत, रुळतील." चाकं म्हणजे चपला नव्हेत, असं मी म्हणाले आणि विषय तिथेच राहिला.

खंडेनवमीला युनिटवर मागांना झेंडूचे हार घातले. माझी कात्री आणि चेकिंगची टेप मीच टेबलावर मांडून त्यांना कुंकू लावलं. एकदा पूजेत मांडलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, सीमोल्लंघनाच्या आधी पूजा उतरवेपर्यंत उचलायचं नाही, हे आमच्याकडे कटाक्षाने पाळतात. घरी विळीसुद्धा पूजेत असते म्हणून भाज्या आदल्या दिवशीच चिरून ठेवलेल्या असतात. पूजा झाल्यावर टेबलावरच्या तिघी बायकांना मी गाडीतून घरी सोडायला निघाले. तिघी मागे बसल्या. पहिल्याच गतिरोधकाला खर्र झालं, आणि पुढच्या चौकापर्यंत रबर जळल्याचा वास आला.

"म्याडम, काहीतरी करपतंय की," एक जण म्हणाली.

"आपल्या वजनानं," दुसरी म्हणाली. "म्हनून म्हनलं, तिघीतिघी नगं."

त्यांना उतरवून मी टायरवाल्याकडे गेले. हा म्हातारा गेली पंधरा वर्षं आमच्या सगळ्या गाड्यांचं बघतो. दुकान उघडं होतं, पण जॅक, पाने, हवेचा कॉम्प्रेसर, सगळं भिंतीशी ओळीने मांडून त्यावर फुलं वाहिलेली.

"भाबी, आज काम नै होता," तो म्हणाला. "लडके लोगां पूजा करके गाव गए. मेरा क्या, मैं उठाता, पर उनो आके देखे तो बुरा मानते."

"उचलू नका काही. नुसतं बघा."

"देखने को पाना कायकू लगता," तो म्हणाला आणि गुडघ्यावर हात ठेवून खाली बसला. मागच्या चाकाच्या वर बोट घालून बघितलं. बोट काळं निघालं. मडगार्डची आतली कड टायरने घासून चमकत होती. मग त्याने नटाला दोन बोटं लावली आणि नट फिरला. पान्याशिवाय, बाटलीच्या झाकणासारखा.

मग त्याने बोटांनीच होईल तेवढा नट आवळला.

"ये किसने बिठाया?"

"घरातली चाकं आहेत. दुसऱ्या गाडीची."

"छेद चार, वो बराबर है. बाकी कुछ भी बराबर नै."

त्याने मग मला एकेक गोष्ट समजावली, हात न लावता, पेन्सिलीने दाखवत. नटाची छिद्रं किती हे कोणीही मोजतं. त्या छिद्रांमधून जाणारं वर्तुळ केवढं, ते जुळावं लागतं. ते इथे जुळत होतं, म्हणून तर चाक चढलं. पण चाकाच्या मधलं भोक गाडीच्या हबवर घट्ट बसलं पाहिजे, म्हणजे वजन हबवर येतं. भोक मोठं असलं की पूर्ण चाक नुसत्या नटांवर लोंबकळतं आणि थरथरतं. चाक आत किती जातं आणि बाहेर किती राहतं, तेही गाडीगणिक वेगळं. आणि शेवटी नटाचं बूड. माझ्या गाडीचे नट खाली नरसाळ्यासारखे निमुळते होते. त्या मोठ्या गाडीच्या चाकातल्या खळग्या वाटीसारख्या गोल.

"वाटी में नरसाळा बिठाओ तो कहाँ टेकेगा? बस किनारे पे. कितना भी कसो, सौ-पचास किलोमीटर में फिर ढीला."

"उद्या मोडनिंबला जायचंय. हायवेने. मागे दोन मुलं आणि त्यांची आई, पुढे जाऊबाई."

त्याने मान हलवली. "इस पे नक्को. खाली गाडी धीरे धीरे घर ले जाओ, बस."

मी वीसच्या वेगाने घरी आले. मागून हॉर्न वाजत होते.

मोडनिंबला आमची शेती आहे, भाऊजींचे चुलते तिथे असतात. दर दसऱ्याला सगळं घर तिकडे जातं, सीमोल्लंघन आणि आपट्याची पानं तिकडेच. दोन गाड्या लागतात. भाऊजींच्या गाडीत पुरुष मंडळी आणि सामान, माझ्या गाडीत बायका-मुलं. हे दरवर्षीचं ठरलेलं होतं.

जेवण झाल्यावर मी गच्चीवर गेले. टायरवाल्यावर माझा विश्वास होता, पण मी स्वतः मापल्याशिवाय कापड पास करत नाही. पाचवं मॅगव्हील ताडपत्रीखाली होतंच. माझी स्टेपनी मी डिकीतून काढली आणि लोळवत, पायऱ्या येतील तिथे उचलत वर नेली. दोन्ही चाकं शेजारी शेजारी पालथी टाकली. टेप पूजेत होती, म्हणून सुताचा एक लांब धागा घेतला आणि गाठी मारत गेले. समोरासमोरच्या दोन छिद्रांमधलं अंतर: दोन्हींत तेवढंच. मधलं भोक: मॅगव्हीलचं गाठभर मोठं. मग चाकाच्या मागच्या कडांवर झाडूची काठी आडवी ठेवून, काठीपासून जिथे चाक हबला टेकतं तिथपर्यंत धागा सोडला. मॅगव्हीलचा धागा बोटभर आखूड निघाला. म्हणजे चाक तेवढं बाहेर येत होतं, वर टायर रुंद, म्हणून मागे वजन पडलं की कडेला घासत होतं. छिद्रांत बोट घालून बघितलं. एकात सरळ उतार, एकात वाटी.

हा कपडा असता तर मी एका मिनिटात बाजूला टाकला असता आणि कोणी मला का म्हणून विचारलं नसतं.

सहा वाजता मी धागा घेऊन खाली गेले. भाऊजी टीव्हीसमोर होते, नवरा शेजारी फोनमध्ये. जाऊबाई झेंडू निवडत बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ बसले.

"अक्का, त्यांना सांगा, ही चाकं माझ्या गाडीची नाहीत. नट सुटतायत. आज टायरवाल्याने नुसत्या हाताने फिरवला."

जाऊबाई अक्कलकोटच्या. घाबरल्या की कन्नडवर येतात. "अय्यो," त्या म्हणाल्या. त्यांच्या हातातलं फूल तसंच राहिलं.

भाऊजींनी टीव्हीचा आवाज कमी केला. "तिला सांग, ह्या चाकांवर मी बंगळुरूला गेलोय, गोव्याला गेलोय. कवा एक नट सुटला नाही."

"त्यांना सांगा, त्यांच्या गाडीवर. त्या गाडीचे नट गोल बुडाचे होते. माझे निमुळते आहेत. हे बघा, मापं घेतली आहेत." मी धागा जाऊबाईंच्या मांडीवर पसरला. त्यांनी तो बघितला, त्यातलं त्यांना काही कळणार नव्हतं. भाऊजींना कळलं असतं, पण माझा धागा हातात घ्यायला त्यांना आपल्या जागेवरून उठून माझ्यासमोर यावं लागलं असतं. ते उठले नाहीत.

"नट ढिला झाला तर पाना मारायचा असतोय," ते म्हणाले. "एवढी शिकलेली हाय, तिला एवढं कळंना व्हय? सकाळी ड्रायव्हर पाना मारंल."

"पाना मारला तरी पन्नास किलोमीटरमध्ये..."

"आणि तिला भ्या वाटत असंल तर ड्रायव्हर चालवंल तिची गाडी. माझी मी चालवतो. तिला म्हणावं, मागं बस निवांत."

मी हेच धरून गेले होते की मी चालवत नाही म्हटलं की गाडी जाणार नाही. माझ्या नाही म्हणण्याने गाडी थांबणार नव्हती. फक्त मी स्टिअरिंगवरून उठणार होते आणि मुलं मागच्या सीटवर बसणारच होती. दुसरी चावी भाऊजींच्या कपाटाशेजारच्या खिळ्याला असते. हवा सोडली असती तर ड्रायव्हरने भरून आणली असती.

"भाड्याची गाडी बघू," मी नवऱ्याकडे बघून म्हणाले.

"दसऱ्याला कुठली मिळते आता," तो म्हणाला.

"घरात दोन गाड्या असताना भाड्याच्या गाडीतनं गावात उतरायचं?" भाऊजी म्हणाले. हे त्यांनी जाऊबाईंनाही उद्देशून म्हटलं नाही, टीव्हीला म्हटलं.

"लहान मुलांना तेवढं तुमच्या गाडीत घेता येईल का, विचारा अक्का."

"सामान हाय," भाऊजी म्हणाले. "तिला सांग, मी चाकं दिली म्हणून तिला एवढं टोचत असंल तर दसरा झाल्यावर काढून दे म्हणावं. सणाच्या तोंडावर तमाशा नको."

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कडेवर धाकटी. सासऱ्यांना ती मामा म्हणते, पण त्यांच्यासमोर बोलत नाही.

मी धागा गुंडाळला आणि वर आले. जिन्यात नवरा मागून आला.

"एक दिवस," तो म्हणाला. "दादाचं मन राख. परवा तुझ्या मनासारख्या रिमा आण. मी स्वतः येतो."

"एकच दिवस लागतो."

"तू फार ताणतेस."

"तू नट बघितलास का?"

त्याने बघितला नव्हता. चल, खाली जाऊन बघू, म्हणाले, तर तो म्हणाला, आता नको, दादाला वाटेल आपण तपासायला आलो. आम्ही जेवलो. मी पुरणाची डाळ उपसून ठेवली. भंगारवाल्याला फोन केला, त्याने उचलला. रिमा ढिगात आहेत पण त्याच्याही तराजूची पूजा घातलेली, दसऱ्याच्या दुपारपर्यंत गोदाम उघडणार नाही म्हणाला. आमची निघायची वेळ आठची होती. दोन ओळखीच्या टॅक्सीवाल्यांना विचारलं, दोघंही तुळजापूरच्या फेऱ्यांवर. मुलांना घेऊन मी एसटीने जाते असं सुनेला जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "काकू, मला चालेल हो, पण मामांना कोण सांगणार?" मी म्हणाले, मी सांगते. ती म्हणाली, "तुम्ही कसं सांगणार?" तिचं खरं होतं. सत्तावीस वर्षांत मी त्यांना थेट एक वाक्य म्हटलेलं नव्हतं आणि जे जाऊबाईंमार्फत म्हणता येत होतं ते सगळं म्हणून झालं होतं.

झोपायच्या आधी मी वहीत दुसऱ्या दिवसाचं काम लिहायला घेतलं आणि काहीच न लिहिता वही मिटली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठले, आंघोळ केली, जुनी साडी नेसले आणि खाली आले. देवघर खालच्या मजल्यावर आहे. पाटावर विळी, सुऱ्या, भाऊजींची जुनी तलवार, आणि माझ्या गाडीचा जॅक व पाना मांडलेला होता. घरातलं सगळं लोखंड मांडायचं म्हणून जाऊबाईंनीच तो डिकीतून मागून घेतला होता. मी फुलं बाजूला केली आणि जॅक आणि पाना उचलला.

गाडी पहिल्या गिअरमध्ये घातली. पुढच्या चाकांना पुढून-मागून विटा लावल्या. शेजारी बांधकाम चालू आहे, विटांना तोटा नव्हता. मग मागच्या डाव्या चाकाच्या नटांना पाना लावला. दोन नट घट्ट होते, त्यांच्यासाठी पान्यावर पाय द्यावा लागला. दोन नटांना जोर लागलाच नाही. जॅक लावला, चाक काढलं, खाली विटांची थप्पी रचली आणि गाडी तिच्यावर टेकवली. अर्धा तास गेला. उजव्या बाजूला आले तेव्हा जाऊबाई मागच्या दारात उभ्या होत्या. त्या किती वेळ तिथे होत्या मला माहीत नाही.

"अगं, पूजेतला पाना," त्या म्हणाल्या. "ब्याड, ब्याड, नको गं. अजून पूजा उतरवली नाही."

"हो."

त्या थोडा वेळ विटांकडे बघत राहिल्या. घरात धाकटी कुठेतरी रडायला लागली होती, तिला कोणीतरी गप्प करत होतं.

"आंघोळ तरी केलीस का?"

"केली."

"मग कर," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

उजव्या चाकाचे नट काढले. पुढची चाकं तशीच ठेवली. दोन काढली की पुरे होतं; ती परत चढवायला सांगायची तर भाऊजींना आधी माझ्यासमोरून जावं लागलं असतं. काढलेली दोन्ही चाकं लोळवत नेऊन भाऊजींच्या दाराशी, त्यांच्या चपलांशेजारी, एकावर एक ठेवली आणि आठही नट मोजून वरच्या चाकाच्या मधल्या भोकात टाकले. जॅक पुसला, पाना पुसला. दोन्ही परत पाटावर ठेवले, फुलं होती तशी लावली. हात घासून धुतले तरी नखांत काळं राहिलं. मग जाऊबाईंनी निवडून ठेवलेला झेंडू घेऊन पायरीवर बसले आणि दारांची तोरणं ओवायला घेतली. सव्वासहाला भाऊजींच्या दाराची कडी वाजली. मी उठून उभी राहिले, पदर खांद्यावर घेतला आणि त्यांच्याकडे बघून म्हणाले, "भाऊजी, गाडी मी उभी केली आहे. मुलं तुमच्या गाडीत बसतील. सामान एसटीने मी आणते."